गृहीत मूल्य आणि नामबंधन : पायथॉन भाषेतील एका संकेताची चिकित्सा

बीजसंज्ञा : फंक्शन, प्राचल, गृहीत मूल्य, नामबंधन, व्याप्ती, क्लोजर, प्रोग्रॅमिंगचे अध्यापन

प्रस्तावना :

दुकानात गल्ल्याच्या मागे लावलेली ‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. या पाटीतील विनोद ‘आज’ या एका शब्दावर उभा आहे. ‘आज’ म्हणजे पाटी रंगवली तो दिवस असा अर्थ घेतला, तर दुकानदाराला दुसऱ्याच दिवसापासून उधारी सुरू करावी लागेल. ‘आज’ म्हणजे पाटी वाचली जाते तो दिवस असा अर्थ घेतला, तर उधारीचा दिवस कधीच उगवत नाही. याउलट विसाव्या शतकात छापलेल्या अनेक अर्जांवर व पावतीपुस्तकांवर ‘सन १९’ एवढा भाग आधीच छापलेला असे. २००० साल उजाडल्यावर उरलेल्या नमुन्यांवर तो भाग खोडून शेजारी नवा आकडा लिहावा लागला. पहिल्या उदाहरणात शब्दाचा अर्थ वाचनाच्या क्षणी ठरतो, तर दुसऱ्या उदाहरणात तो छपाईच्या क्षणीच ठरून गेलेला असतो.

एखाद्या नावाचा अर्थ नेमका केव्हा निश्चित होतो, हा प्रश्न व्याकरणाचा, कायद्याच्या भाषेचा आणि तर्कशास्त्राचाही आहे. संगणकाच्या प्रोग्रॅमिंग भाषांत मात्र त्याचे उत्तर संदिग्ध ठेवता येत नाही. यंत्राला कोणत्या तरी एका क्षणी मूल्य काढावेच लागते. फंक्शनच्या प्राचलांना दिली जाणारी गृहीत मूल्ये, म्हणजे रूढ भाषेत डिफॉल्ट आर्ग्युमेंट, हे या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण होय. पायथॉन या भाषेने त्याला दिलेले उत्तर गेली अनेक वर्षे वादाचा विषय ठरले आहे. महाराष्ट्रातील अनेक पदवी अभ्यासक्रमांत पायथॉनचा समावेश झालेला असल्यामुळे हा वाद केवळ भाषा घडविणाऱ्यांपुरता उरलेला नाही. तो वर्गात आणि प्रयोगशाळेतही येऊन पोहोचला आहे.

प्रस्तुत लेखात पायथॉनमधील गृहीत मूल्याच्या संकेताची चिकित्सा केली आहे. हा संकेत म्हणजे भाषेतील दोष आहे की विद्यार्थ्यांच्या आकलनातील उणीव, असा प्रश्न सामान्यतः विचारला जातो. दोष आणखी तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे ‘चल’ ही संकल्पना शिकविण्याच्या रूढ पद्धतीत आहे, आणि भाषेच्या लेखनचिन्हाने त्या दोषावर पांघरूण घातले आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. विवेचनासाठी विश्लेषणात्मक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून पायथॉनची तिसरी आवृत्तीमालिका आधारभूत मानली आहे.

पेटीचे रूपक आणि त्याची मर्यादा :

प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या तासाला चलाची ओळख बहुधा पेटीच्या रूपकातून करून दिली जाते. चल म्हणजे नाव लिहिलेली एक पेटी, तिच्यात मूल्य ठेवायचे, नवे मूल्य ठेवले की जुने निघून जाते, असे हे रूपक आहे. सी या भाषेतील साध्या पूर्णांकांच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. तेथे नाव हे स्मृतीतील एका ठरावीक जागेचे नाव असते आणि त्या जागेतील आशय बदलत असतो. ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी १९६७ साली कोपनहेगन येथे दिलेल्या व्याख्यानांत जागा आणि जागेतील आशय यांतील हा भेद स्पष्टपणे मांडला होता.

पायथॉनमध्ये हे रूपक अपुरे पडते. येथे मूल्य ही स्वतंत्र वस्तू असते आणि नाव ही त्या वस्तूला बांधलेली चिठ्ठी असते. एकाच वस्तूला दोन चिठ्ठ्या असू शकतात. ‘अ’ या नावाला एक यादी बांधली आणि नंतर ‘ब’ बरोबर ‘अ’ असे लिहिले, तर दुसरी यादी तयार होत नाही. एकाच यादीला दुसरे नाव मिळते. त्यानंतर ‘ब’ या नावाने यादीत भर घातली की ‘अ’ या नावानेही ती भर दिसू लागते. पेटीचे रूपक मनात धरलेल्या विद्यार्थ्याला हे चमत्कारिक वाटते, कारण त्याच्या दृष्टीने दोन पेट्यांत दोन याद्या असायला हव्यात.

यातून दोन क्रियांतील भेद अत्यावश्यक ठरतो. वस्तूतच बदल करणे ही एक क्रिया आणि नाव जुन्या वस्तूवरून सोडवून नव्या वस्तूला बांधणे ही दुसरी क्रिया होय. यादीला ‘अपेंड’ करून घटक जोडणे ही पहिल्या प्रकारची क्रिया आहे. जुनी यादी व नवा घटक यांच्या बेरजेतून तयार झालेली यादी त्याच नावाला देणे ही दुसऱ्या प्रकारची क्रिया आहे. कागदावर दोहोंचा परिणाम सारखाच दिसतो, कारण नावाच्या पुढे तेच घटक दिसतात. परंतु त्याच वस्तूला दुसरे एखादे नाव बांधलेले असेल, तर दोन क्रियांचे परिणाम सर्वस्वी भिन्न होतात. गृहीत मूल्याची अडचण समजण्यासाठी हा भेद हीच किल्ली आहे.

गृहीत मूल्याचा व्यवहार :

एक साधे उदाहरण घेता येईल. ‘नोंदवा’ नावाचे एक फंक्शन आहे. त्याला ‘नाव’ आणि ‘यादी’ असे दोन प्राचल आहेत. ‘यादी’ या प्राचलाचे गृहीत मूल्य म्हणून शीर्षओळीतच रिकामी यादी लिहिलेली आहे. फंक्शन दिलेले नाव यादीच्या शेवटी अपेंड करते आणि ती यादी परत देते. पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीमालिकेत अशी देवनागरी नावे वापरता येतात. भाषेचे राखीव शब्द तेवढे रोमन लिपीत राहतात.

या फंक्शनला केवळ ‘सुमन’ हे नाव देऊन कॉल केले, तर एका नावाची यादी मिळते. दुसऱ्यांदा केवळ ‘फातिमा’ हे नाव देऊन कॉल केले, तर वाचकाची अपेक्षा पुन्हा एका नावाच्या यादीची असते. प्रत्यक्षात ‘सुमन’ आणि ‘फातिमा’ अशा दोन नावांची यादी परत येते. तिसऱ्या वेळी स्वतःची वेगळी यादी पुरविली, तर जुनी नावे त्यात दिसत नाहीत. चौथ्यांदा पुन्हा यादी न देता कॉल केले, की मागे साठलेली दोन्ही नावे नव्या नावासह परत येतात.

याचे कारण पायथॉनच्या एका मूलभूत नियमात आहे. या भाषेत फंक्शनची व्याख्या ही केवळ घोषणा नसते. ती स्वतःच एक अंमलात येणारी आज्ञा असते. अंमलबजावणी त्या ओळीपर्यंत पोहोचली की फंक्शनची वस्तू तयार होते, शीर्षओळीतील गृहीत मूल्यांची पदावली त्याच वेळी एकदा सोडविली जाते आणि मिळालेल्या वस्तू फंक्शनच्या वस्तूसोबत जपून ठेवल्या जातात. पुढे आर्ग्युमेंट न देता केलेल्या प्रत्येक कॉलमध्ये प्राचलाचे नाव त्या जपून ठेवलेल्या वस्तूलाच बांधले जाते. म्हणजे वरील उदाहरणात रिकामी यादी एकदाच जन्माला आली. प्रत्येक कॉलमध्ये नवी असते ती केवळ चिठ्ठी.

हेच फंक्शन अपेंडऐवजी बेरीज करून लिहिले, तर तक्रार नाहीशी होते, कारण तेथे जपून ठेवलेल्या यादीला धक्का लागत नाही. स्थानिक नाव नव्या यादीला बांधले जाते. परंतु बेरजेचे संक्षिप्त चिन्ह, म्हणजे अधिक व बरोबर ही जोडचिन्हे, वापरली तर तक्रार पुन्हा उद्भवते, कारण यादीच्या बाबतीत हे चिन्ह मूळ वस्तूतच भर घालते. पूर्णांकांच्या बाबतीत मात्र तेच चिन्ह नवे बंधन निर्माण करते. ‘बेरीज केली’ एवढ्या ज्ञानावर विसंबणाऱ्या विद्यार्थ्याला या तीन लेखनांतील फरक उमजणे शक्य नाही.

प्रचलित उपदेशाची अपूर्णता :

या अडचणीवर पाठ्यपुस्तकांत व प्रशिक्षणवर्गांत एकच उपदेश आढळतो : ‘परिवर्तनीय वस्तू गृहीत मूल्य म्हणून वापरू नये.’ त्याऐवजी ‘नन’ हे शून्यार्थी मूल्य द्यावे आणि फंक्शनच्या देहात, ‘नन’ आले असल्यास नवी यादी तयार करावी, असा उपाय सुचविला जातो. व्यवहारात हा उपाय उपयुक्त आहे. तथापि स्पष्टीकरण म्हणून तो अपुरा आहे, हे दुसऱ्या एका उदाहरणावरून दिसून येते.

पावती तयार करणाऱ्या एका फंक्शनला ‘दिनांक’ असा प्राचल आहे आणि त्याचे गृहीत मूल्य म्हणून आजचा दिनांक देणारी पदावली शीर्षओळीत लिहिली आहे, असे समजू. पायथॉनमधील दिनांकाची वस्तू अपरिवर्तनीय असते. त्यामुळे वरील उपदेश येथे कोणताही इशारा देत नाही. परंतु हा प्रोग्रॅम सर्व्हरवर सोमवारी सुरू झाला आणि न थांबता शुक्रवारपर्यंत चालत राहिला, तर शुक्रवारच्या पावतीवरही सोमवारचाच दिनांक येईल. येथे कोणत्याही वस्तूत बदल झालेला नाही. जे चुकले ते केवळ मूल्यनिर्धारणाच्या क्षणाबाबत. लेखकाला दुकानातील पाटीवरचा ‘आज’ अभिप्रेत होता आणि भाषेने अर्जावरचे छापील ‘सन १९’ दिले.

यावरून स्पष्ट होते की परिवर्तनीयता हे अडचणीचे मूळ नाही. ती मूळ अडचण दृश्यमान करणारी एक परिस्थिती आहे. मूळ प्रश्न काळाचा आहे. ‘परिवर्तनीय वस्तू टाळा’ हा नियम पाठ करणारा विद्यार्थी पहिल्या उदाहरणात वाचतो आणि दुसऱ्यात फसतो. नियमाने त्याला एका प्रसंगातून सोडविले, पण समज दिली नाही.

येथे आणखी एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. दोन्ही उदाहरणांत पहिला कॉल बिनचूक असतो. चूक दुसऱ्या कॉलला किंवा दुसऱ्या दिवशी प्रकट होते. महाविद्यालयीन प्रात्यक्षिक परीक्षेत प्रोग्रॅम एकदा चालवून दाखविला जातो, अपेक्षित उत्तर पडद्यावर आले की गुण दिले जातात आणि वहीवर स्वाक्षरी होते. दुसरा कॉल बहुधा होतच नाही. हाच प्रोग्रॅम पुढे अनेक व्यक्तींच्या नोंदी एकाच चालू प्रक्रियेत हाताळू लागला, की एका व्यक्तीची माहिती दुसऱ्या व्यक्तीच्या यादीत दिसण्याचा धोका निर्माण होतो. प्रश्न गुणांचा न राहता विश्वासाचा आणि खासगीपणाचा होतो.

पाढ्यांचे उदाहरण : उलट दिशेची अडचण :

गृहीत मूल्य फार लवकर निश्चित होते अशी वरील तक्रार आहे. त्याच भाषेत अर्थ फार उशिरा निश्चित होतो अशीही तक्रार आढळते, आणि दोन्ही तक्रारी एकत्र तपासल्याशिवाय योग्य निष्कर्ष निघत नाही.

एक ते पाच या संख्यांवरून लूप चालवून पाढ्यांची पाच फंक्शने तयार करावयाची आहेत. लूपच्या प्रत्येक फेरीत एक लॅम्डा फंक्शन तयार होते. ते ‘क’ ही संख्या घेते आणि ‘न’ गुणिले ‘क’ हे उत्तर देते. ‘न’ हा लूपमधील चल आहे. पहिल्या फंक्शनने एकाचा पाढा, दुसऱ्याने दोनाचा पाढा म्हणावा अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात लूप संपल्यावर पाचही फंक्शने पाचाचाच पाढा म्हणतात.

कारण असे की लॅम्डाच्या देहातील ‘न’ हे मुक्त नाव आहे. फंक्शन तयार होताना त्याचे मूल्य टिपून घेतले जात नाही. फंक्शन कॉल होते तेव्हा बाहेरच्या व्याप्तीत ‘न’ कशाला बांधलेले आहे, हे पाहिले जाते. लूपच्या प्रत्येक फेरीत ‘न’ हे एकच नाव पुनःपुन्हा नव्या संख्येला बांधले गेलेले असते आणि शेवटी ते पाच या संख्येपाशी राहते. फंक्शन आणि त्याच्या मुक्त नावांची बाह्य व्याप्ती यांच्या या जोडीस क्लोजर म्हणतात. क्लोजर नावाला धरून ठेवते, त्या क्षणीच्या मूल्याला नव्हे.

गणिताच्या अध्यापकांना हा भेद नवा नाही. बेरजेच्या चिन्हाखालील सूचकांक हा बद्ध चल असतो. त्याचे नाव बदलले तरी बेरजेचा अर्थ बदलत नाही. त्याच सूत्रातील अन्य अक्षर मुक्त असेल, तर त्याचा अर्थ सूत्राच्या बाहेर, संदर्भात शोधावा लागतो. अलोन्झो चर्च यांनी १९३०च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कलनात हाच भेद केंद्रस्थानी आहे. पाढ्यांच्या उदाहरणात ‘क’ बद्ध आहे आणि ‘न’ मुक्त आहे. गोंधळ होतो तो केवळ ‘न’च्या बाबतीत.

या अडचणीवरील पायथॉनमधील रूढ उपाय अतिशय उद्बोधक आहे. लॅम्डाला ‘न’ नावाचा दुसरा प्राचल द्यावयाचा आणि त्याचे गृहीत मूल्य म्हणून बाहेरचाच ‘न’ लिहावयाचा. असे केले की प्रत्येक फेरीत गृहीत मूल्याची पदावली तत्काळ सोडविली जाते, त्या क्षणीची संख्या फंक्शनसोबत जपली जाते आणि पाचही पाढे योग्य येतात. म्हणजे ज्या नियमाला पहिल्या उदाहरणात दोष म्हटले गेले, तोच नियम येथे औषध म्हणून वापरला जातो. अर्थात या औषधालाही पथ्य आहे. कॉल करणाऱ्याने चुकून दुसरे आर्ग्युमेंट दिले, तर जपलेली संख्या बाजूला पडते. म्हणून संख्या घेऊन पाढ्याचे फंक्शन तयार करून देणारे वेगळे फंक्शन लिहिणे, किंवा २००६ साली २.५ या आवृत्तीत आलेल्या ‘पार्शल’ या सोयीचा वापर करणे अधिक निर्मळ ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

ग्विडो व्हान रॉसम यांनी नेदरलँड्समधील अ‍ॅम्स्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या संशोधनसंस्थेत १९८९च्या अखेरीस पायथॉनवर काम सुरू केले आणि १९९१ साली ही भाषा प्रथम प्रसृत झाली. सुरुवातीच्या आवृत्त्यांत नावाचा शोध केवळ तीन पातळ्यांवर घेतला जाई : फंक्शनची स्थानिक नावे, मॉड्यूलची सार्वत्रिक नावे आणि भाषेतील अंगभूत नावे. फंक्शनच्या आत दुसरे फंक्शन लिहिले, तर आतल्या फंक्शनला बाहेरच्या फंक्शनची स्थानिक नावे दिसत नसत. ती आत पोहोचविण्यासाठी गृहीत मूल्याचीच युक्ती वापरली जाई. २००१ साली २.१ या आवृत्तीत अंतर्गत व्याप्तीची सोय ऐच्छिक स्वरूपात आली आणि त्याच वर्षअखेरीस २.२ या आवृत्तीत ती नित्याची झाली. २००८ सालच्या ३.० या आवृत्तीत ‘नॉनलोकल’ हा शब्द आला आणि आतल्या फंक्शनला बाहेरचे नाव नव्या वस्तूला बांधणेही शक्य झाले.

हा क्रम महत्त्वाचा आहे. गृहीत मूल्य व्याख्येच्या क्षणीच निश्चित होण्याचा नियम एकेकाळी भाषेतील एक उणीव भरून काढत होता. ती उणीव दूर झाल्यावर नियमाचा तो उपयोग बराचसा संपला, नियम मात्र कायम राहिला. त्यावर विसंबून लिहिलेले प्रोग्रॅम अस्तित्वात असल्यामुळे तो बदलणे सोपे राहिले नाही.

अन्य भाषांतील व्यवहार :

तुलनेसाठी अन्य भाषांकडे पाहिल्यास या प्रश्नाची अनेक उत्तरे आढळतात. कॉमन लिस्प आणि रुबी या भाषांत गृहीत मूल्याची पदावली दर कॉलला नव्याने सोडविली जाते. जावास्क्रिप्टने २०१५ सालच्या प्रमाणकात गृहीत मूल्ये स्वीकारली, तेव्हा हाच मार्ग निवडला. या भाषांत एका प्राचलाचे गृहीत मूल्य आधीच्या प्राचलावरून ठरविता येते. आर या संख्याशास्त्रीय भाषेत ही पदावली प्राचलाचा प्रथम उपयोग होईपर्यंत सोडविलीच जात नाही.

सी प्लस प्लस या भाषेने मध्यम मार्ग स्वीकारला आहे. तेथे पदावलीतील नावे कोणती हे घोषणेच्या ठिकाणी ठरते, मूल्य मात्र दर कॉलला काढले जाते. नावाचे बंधन आणि मूल्याचे निर्धारण या दोन स्वतंत्र घटना असू शकतात, हे या उदाहरणातून स्पष्ट होते. सी शार्पने २०१० साली ४.० या आवृत्तीत गृहीत मूल्ये आणली, पण ती संकलनाच्या वेळी ठरणारी स्थिर मूल्येच असावीत असे बंधन घातले. त्यामुळे ‘केव्हा’ हा प्रश्नच उरला नाही. जावाने गृहीत मूल्यांची सोयच दिली नाही. तेथे एकाच नावाची अनेक फंक्शने लिहून काम भागविले जाते.

लूपच्या बाबतीत तर काही भाषांनी आपले जुने उत्तर मागे घेतले आहे. सी शार्पने २०१२ साली ५.० या आवृत्तीत ‘फॉरईच’ लूपच्या प्रत्येक फेरीसाठी स्वतंत्र चल असेल असा बदल केला. गो या भाषेने फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रसृत झालेल्या १.२२ या आवृत्तीत तसाच निर्णय घेतला. चालू भाषेच्या अर्थात असा बदल करणे ही दुर्मीळ गोष्ट आहे. पाढ्यांच्या उदाहरणासारख्या चुका केवळ नवशिक्यांच्या नसतात, हे या निर्णयांवरून ध्यानात येते.

पायथॉनच्या निर्णयाचे मूल्यमापन :

पायथॉनवर घेतला जाणारा पहिला आक्षेप विसंगतीचा आहे. गृहीत मूल्य लवकर ठरते आणि क्लोजरमधील नाव उशिरा शोधले जाते, हे परस्परविरोधी आहे असे म्हटले जाते. हा आक्षेप टिकत नाही. शीर्षओळ व्याख्येच्या वेळी अंमलात येते आणि देह कॉलच्या वेळी अंमलात येतो, या एकाच नियमातून दोन्ही परिणाम निघतात. गृहीत मूल्य शीर्षओळीत आहे म्हणून ते आधी ठरते. लॅम्डातील ‘न’ देहात आहे म्हणून तो नंतर शोधला जातो. नियम एक आहे आणि तो अपवादाविना लागू पडतो. शिवाय पदावली एकदाच सोडविली जात असल्याने दर कॉलचा खर्च वाचतो आणि तिच्यातील चूक व्याख्येच्या वेळीच उघड होते, हे त्याचे लाभही नोंदविले पाहिजेत.

दुसरा आक्षेप लेखनचिन्हाविषयीचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. फंक्शनची शीर्षओळ वाचणारा तिच्याकडे कॉल करणाऱ्याशी केलेला करार म्हणून पाहतो. ‘यादी बरोबर रिकामी यादी’ या लेखनाचा त्याच्या दृष्टीने अर्थ ‘यादी न दिल्यास रिकामी यादी धरली जाईल’ असाच होतो. भाषेचा अर्थ मात्र ‘व्याख्येच्या वेळी तयार झालेली ती विशिष्ट यादी, आज तिची जी काही अवस्था असेल तशी, धरली जाईल’ असा आहे. तर्कदृष्ट्या सुसंगत असलेला नियम वाचकाच्या सहज अर्थग्रहणाला छेद देत असेल, तर केवळ सुसंगतीच्या आधारे त्याचे पूर्ण समर्थन करता येत नाही.

या आक्षेपाची साक्ष पायथॉनच्याच परिसरात मिळते. भाषेच्या अधिकृत पाठमालेत या वर्तनाविषयी स्वतंत्र इशारा दिलेला आहे. प्रोग्रॅम तपासणारे पायलिंट हे साधन यादीसारखी गृहीत मूल्ये धोकादायक म्हणून दाखविते. जून २०१८ मध्ये ३.७ या आवृत्तीत आलेल्या ‘डेटाक्लास’ या सोयीने यादी, शब्दकोश किंवा संच थेट गृहीत मूल्य म्हणून दिल्यास ते नाकारावयाचे ठरविले आणि त्याऐवजी दरवेळी नवी वस्तू तयार करणारे फंक्शन पुरविण्याची वेगळी वाट ठेवली. म्हणजे फंक्शनच्या शीर्षओळीत जे मुकाट्याने चालते, ते त्याच भाषेच्या नव्या सोयीत चूक मानले गेले.

‘नन’च्या उपायाचीही किंमत आहे. क्रमवार यादीत योग्य स्थान शोधून देणाऱ्या ‘बायसेक्ट’ या ग्रंथालयीन फंक्शनात वरच्या मर्यादेचे गृहीत मूल्य ‘नन’ असे दिसते. खरे गृहीत मूल्य यादीची लांबी हे आहे. परंतु शीर्षओळीतील पदावली दुसऱ्या प्राचलाकडे पाहू शकत नसल्यामुळे ते देहात लपवावे लागते. शीर्षओळ वाचून खरा करार कळत नाही. शिवाय ‘नन’ हेच एखाद्या ठिकाणी अर्थपूर्ण मूल्य असेल, तर ‘काहीच दिले नाही’ हे सुचविण्यासाठी आणखी एक वेगळी खूणवस्तू निर्माण करावी लागते.

कॉलच्या वेळी सोडविल्या जाणाऱ्या गृहीत मूल्यांसाठी वेगळे चिन्ह असावे, असा सुधारणा प्रस्ताव क्रमांक ६७१ हा २०२१ साली मांडला गेला. त्यात जुना नियम न मोडता ‘बरोबर’च्या चिन्हाऐवजी बाणासारखे चिन्ह सुचविले होते. ३.१२ या आवृत्तीसाठी मांडलेली ही सूचना २०२३ साली आलेल्या त्या आवृत्तीत समाविष्ट झाली नाही. या प्रस्तावाचे महत्त्व त्याच्या स्वीकारावर अवलंबून नाही. ‘केव्हा’ या प्रश्नाची दोन रास्त उत्तरे आहेत आणि वाचकाला त्यांतील कोणते लागू आहे हे चिन्हावरूनच कळावे, ही त्यामागील भूमिका या चिकित्सेच्या दृष्टीने मोलाची आहे.

अध्यापनाच्या दृष्टीने विचार :

भाषेचा संकेत बदलणे अध्यापकाच्या हाती नाही. तो शिकविण्याची रीत मात्र त्याच्या हाती आहे. गृहीत मूल्याचे हे वर्तन सामान्यतः अभ्यासक्रमाच्या शेवटी ‘सापळा’ किंवा ‘मुलाखतीतील अवघड प्रश्न’ म्हणून सांगितले जाते. सापळा म्हटले की विद्यार्थी तो लक्षात ठेवतो, पण त्यामागील नियमाकडे पाहत नाही. पहिल्या तासाला पेटीचे रूपक द्यावयाचे, तिमाहीभर त्यावर काम चालवावयाचे आणि अखेरीस ते मोडते त्या ठिकाणी विद्यार्थ्याला निष्काळजी ठरवावयाचे, ही रीत न्याय्य म्हणता येणार नाही.

यासाठी तीन बदल शक्य आहेत. पायथॉन ही पहिली भाषा असेल, तर चलाची ओळख आरंभापासूनच वस्तू आणि चिठ्ठी या रूपकातून करून द्यावी. फंक्शन शिकविताना ‘ही ओळ केव्हा अंमलात येते’ हा प्रश्न शीर्षओळ आणि देह यांच्यासाठी वेगवेगळा विचारावा. प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक फंक्शन किमान दोनदा कॉल करून तपासावे. या तिन्ही गोष्टींसाठी नवे उपकरण, नवा अभ्यासक्रम किंवा अतिरिक्त तासिका लागत नाही.

निष्कर्ष :

१. पायथॉनमधील गृहीत मूल्य फंक्शनच्या व्याख्येच्या वेळी एकदाच निश्चित होते. क्लोजरमधील मुक्त नावाचा अर्थ कॉलच्या वेळी शोधला जातो. हे दोन्ही परिणाम एकाच नियमातून निघतात.

२. परिवर्तनीय वस्तू हे अडचणीचे मूळ नसून मूल्यनिर्धारणाचा क्षण हे मूळ आहे. दिनांकाच्या उदाहरणावरून हे सिद्ध होते. म्हणून ‘परिवर्तनीय गृहीत मूल्य टाळा’ हा उपदेश उपयुक्त असला तरी अपूर्ण आहे.

३. नियम सुसंगत असला तरी त्याचे लेखनचिन्ह वाचकाच्या सहज अर्थग्रहणाशी विसंगत आहे. पायथॉनमधील पुढील सोयी आणि प्रस्ताव याची अप्रत्यक्ष कबुली देतात.

४. ‘चल म्हणजे पेटी’ हे रूपक पायथॉनच्या अध्यापनात दिशाभूल करणारे ठरते.

५. एकाच कॉलवर आधारलेले प्रात्यक्षिक मूल्यमापन या प्रकारच्या चुका पकडू शकत नाही.

समारोप :

दुकानातील पाटी वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘आज’ कोणता, हे कोणी शिकवावे लागत नाही, कारण तो संकेत सर्वांच्या वापरातला आहे. प्रोग्रॅमिंग भाषेतील संकेत तसा वारशाने मिळत नाही. तो सांगावा लागतो, आणि सांगताना तो केव्हा लागू होतो हेही सांगावे लागते. गृहीत मूल्याच्या निमित्ताने विद्यार्थ्याला हा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर भाषा बदलली तरी ती त्याच्या उपयोगी पडेल. ज्याला केवळ उत्तर पाठ आहे, त्याला नव्या भाषेत सर्व काही पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागेल.